उलट्या वरातीचा खांब

तेजराम इनवातेला लाकूड कधी फसवत नाही, असं तो स्वतःच सांगे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगे. जवाहरनगरच्या कारखान्यात त्यानं छत्तीस वर्षं मालाचे लाकडी खोके केले. त्याचा खोका उघडायचा तर पहार घ्यावी लागे, अशा गोष्टी तिथले लोक अजून सांगतात. त्यातल्या निम्म्या त्यानंच पसरवल्या असाव्यात. चार वर्षांपूर्वी नोकरी संपली, क्वार्टर सोडलं, आणि तो बायकोसह आंबागडला, गडाखालच्या आपल्या गावी परत आला. तरी भंडाऱ्यात कुणाला न कुरकुरणारं दार हवं असलं की फोन तेजरामलाच येई. मग तो तुमसरहून एसटी धरी, खिडकीजवळची जागा मिळवी आणि उतरेपर्यंत शेजारच्या माणसाला त्याच्या घरच्या खाटेत काय चुकलं असेल ते समजावून सांगी.

या वेळचा फोन मेघा रामटेकेचा होता. मेघा म्हणजे कारखान्यातल्या केशवरावांची मुलगी, तेजरामच्या क्वार्टरमागच्या भुशात खेळून मोठी झालेली. आता ती भंडाऱ्यात नव्यानं उघडणाऱ्या आदिवासी कला दालनाची प्रमुख होती.

"काका, एका जुन्या खांबाला उभं राहायला लाकडी बैठक करून द्या," ती म्हणाली. "दहा दिवसांनी उद्घाटन आहे. पाहुण्यांसमोर खांब डुलला तर माझी नोकरीच डुलेल."

"भूकंप आला तरी हालनार नाई, पोरी. तू बिनधास्त राय."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो दालनात पोचला. भिंतींना रंगाचा वास होता. मधल्या खोलीत गाद्यांवर आडवा ठेवलेला खांब पांढऱ्या कापडाखाली झाकला होता. मेघानं आधी त्याच्या हातात पांढरे हातमोजे दिले.

"लाकडाले मोजे घालून हात लावाचा?" तेजराम म्हणाला. "लाकडाले काय समजन मंग, की आपून कोन आहो?"

"नियम आहे, काका."

त्यानं कुरकुरत मोजे चढवले. मेघानं कापड बाजूला केलं, आणि तेजरामचा उजवा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला.

पुरुषभर उंचीचा मोहाचा खांब होता तो, काळपट, तेलकट. पोटाच्या भागावर बारा माणसांची वरात गोल कोरलेली होती. नवरदेव, नवरी, डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, बासरीवाला, ढोलवाला. शेजारच्या टेबलावर छापलेली पाटी तयार होती: 'गोंड समाजाचा लग्नखांब. आंबागड परिसर. अंदाजे दीडशे वर्षे जुना. कलावंत अज्ञात.'

दीडशे वर्षं! तेजराम स्वतः चौसष्टचा होता. हा खांब त्यानं वयाच्या चौदाव्या वर्षी खोदला होता, आणि त्याबद्दल त्याच्या मानेवर बापाची एक सणसणीत चापट बसली होती. ती जागा त्याच्या हाताला अजून पाठ होती.

"कसा आहे?" मेघानं मोठ्या कौतुकानं विचारलं. "आमच्या दालनाचा राजा आहे हा."

"लाकूड चांगलं हाय," एवढंच तेजराम म्हणाला. त्यानं टेप काढून बुडाचं माप घेतलं, ते चुकलं म्हणून परत घेतलं, आणि परत चुकलं. छत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. शेवटी मेघानं लिहून घेतलं आणि काकांना चहा हवा का म्हणून विचारलं. काकांना चहा नको होता.

ती चापट ज्या चुकीची होती ती चूक काय, ते आधी सांगायला हवं.

तेजरामचा बाप दसरू इनवाते हा आंबागडच्या गोंडांचा खांब खोदणारा. लग्न ठरलं की दसरू मोहाचं झाड निवडी, त्याची क्षमा मागून तोडी, आणि वाकस-पटाशी घेऊन महिनाभर बसे. त्या खांबाभोवती मांडव उभा राही आणि नवरा-नवरी त्याच्याभोवती फिरत. कसे फिरत? घड्याळाच्या काट्याच्या उलट. जातं तसं फिरतं, मळणीचे बैल तसे फिरतात, वेलसुद्धा झाडावर तशीच चढते, मग माणसानं दुसरीकडून कशाला फिरावं, असं दसरू म्हणे. खांबावरची वरातही त्याच बाजूनं चाललेली असे. म्हणजे नवरा-नवरी फिरू लागले की खांबावरची माणसं त्यांच्यासोबत चालत.

तेजराम सातवीत असताना गावच्या शाळेत भिंतीवरचं घड्याळ आलं. सगळ्या वर्गात घड्याळ सगळ्यात आधी वाचता आलं ते तेजरामला, आणि ही गोष्ट तो आठ दिवस गावभर सांगत फिरला, सवय जुनीच. त्याच उन्हाळ्यात बापानं त्याला पहिल्यांदा एक आख्खा खांब दिला. "हा तुहा. मी पायनार नाई, झाला की बलाव," असं म्हणून तो रोज शेतावर जाई. पोरानं काय करावं? खांबाच्या डोक्यावर कोळशानं घड्याळ काढलं, बारा आकड्यांच्या खाली बारा माणसं आखली, आणि काटा जिकडे फिरतो तिकडे सगळ्यांची तोंडं केली. दीड महिना राबून त्यानं बापाला हाक मारली.

दसरू खांबाभोवती एकदा फिरला, आपल्या रीतीनं. कोरलेलं प्रत्येक माणूस समोरून त्याच्या अंगावर येत होतं. मग त्यानं पोराची मान धरली, एक चापट दिली आणि त्यालाही फिरवलं. "पाय! हे लोक तुह्यासंग चालून राहिले, का तुले धक्का द्याले येऊन राहिले? याच्याभोवती कोनाचं लगन लावू मी?"

खांब आढ्याला टांगला गेला. दोन-तीन महिन्यांनी गावात जीप आली. कुणी सरकारी साहेब जुन्या वस्तू गोळा करत हिंडत होता. तेजराम शाळेतून येतो तर जीप गावाबाहेर निघालेली, मागे आडवा त्याचा खांब बांधलेला, आणि बाप अंगणात उभा. "देऊन टाकला," बाप म्हणाला आणि आत गेला. त्यावर बापलेकांत पुन्हा कधी शब्द निघाला नाही. पोरानं आपल्यापुरतं समजून घेतलं: जे घरात नको होतं ते बापानं साहेबाच्या गळ्यात मारलं. खांब खोदायला त्यानं पटाशी पुन्हा हातात घेतली नाही. खोके बनवायच्या नोकरीत तो एवढा रमला त्याचं हेही एक कारण होतं. खोक्यावर माणसं नसतात आणि त्यांची तोंडं कुठल्या बाजूला हवीत हे कुणी विचारत नाही. दसरू गेला तेव्हा आंबागडला खांब खोदणारं कुणी उरलं नाही. आता लग्नात साधी बल्ली रोवतात आणि तिला रंगीत कागद गुंडाळतात.

तर तेजराम संध्याकाळी घरी आला तो हे सगळं पोटात घेऊन, आणि ते पोटातच ठेवायचं असं ठरवून. बैठक करायची, खांब उभा करायचा, गप्प बसायचं. दीडशे वर्षं तर दीडशे वर्षं. कुणाचं काय बिघडतं?

अंगणात त्याची नात खुशबू आणि तिच्या कॉलेजातल्या सहा पोरी नाच बसवत होत्या. उद्घाटनाला याच पोरी खांबाभोवती नाचणार होत्या. मधे खांबाच्या जागी उखळ ठेवलं होतं. रुखमा, म्हणजे तेजरामची बायको, ओट्यावर तांदूळ निवडत होती, पण तिचं लक्ष तांदळात नव्हतं.

"खुशबे, तुमी उलट्या फिरून राहिल्या वो."

"आजी, हेच बरोबर आहे. दालनाच्या पुस्तिकेत लिहिलं आहे." खुशबूनं मोबाईलवर पान काढून मोठ्यानं वाचलं: "'गोंड समाजाची वरात घड्याळाच्या दिशेने फिरत असे, हे या खांबावरून सिद्ध होते.' बघ. आपण जे करतो ते नंतर बिघडलेलं आहे. जुनी पद्धत ही."

"कोन म्हनते?"

"खांब म्हणतो ना, आजी. दीडशे वर्षांचा आहे तो."

रुखमानं सूप बाजूला ठेवलं. "खांब म्हनते! आमच्या लगनात मी तुह्या आबाजीच्या मागं दुसऱ्या बाजूनं फिरली. मंग आता पुस्तकानं माहं लगन मोडलं का? का हो, बोला न. तुमचं तोंड काहून शिवलं?"

पोरी हसल्या. तेजराम हसला नाही. तो चप्पल न काढता तसाच उभा होता. सात पोरी उखळाभोवती फिरत होत्या, टाळ्या अगदी तालात पडत होत्या, आणि सातही जणी त्याच्या चुकीमागून चालल्या होत्या. उद्या त्यांची लग्नं होतील. त्याही अशाच फिरतील, आणि त्यांची पोरं विचारतील तर म्हणतील, भंडाऱ्याला जाऊन बघा, खांब आहे.

त्या रात्री जेवताना त्यानं रुखमाला सगळं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

"मंग जा न, सांगा त्या पोरीले," रुखमा म्हणाली.

"सांगितलं तर बाबा खोटा पडते. लोक म्हनतीन, दसरूनं साहेबाले टाकाऊ माल देल्ला, जुना म्हनून. माह्या बापानं जिंदगीत कोनाले फसवलं नाई, रुखमा. हे एकच."

"अन् नाई सांगितलं तर?"

तेजराम भात कालवत राहिला. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दोन दिवसांनी तो दालनात गेला, बैठकीचं लाकूड न घेता. मेघाच्या खोलीत मधुकरराव बसले होते. हे निवृत्त प्राध्यापक, दालनाच्या समितीचे अध्यक्ष, आणि ती पुस्तिका त्यांच्याच हातची. माणूस सज्जन, पण चाळीस वर्षं वर्गात कुणी उलट बोललेलं नसल्यामुळे ऐकायची सवय थोडी गेलेली.

तेजरामनं आढेवेढे घेतले नाहीत. "म्याडम, तो खांब मी खोदलो. चौऱ्याहत्तर साली. अन् चुकीचा खोदलो. वरात उलटी हाय. त्या पोट्ट्यायले उलटं नाचवू नका."

मेघाच्या हातातला पेन तसाच राहिला. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"इनवाते," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "दालन होणार म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं आपलंही नाव यावं. त्यात गैर काही नाही. पण हा खांब मी सहा महिने अभ्यासला आहे. त्यातली प्रतीकं... चौदा वर्षांच्या पोराचं काम नाही ते."

"कोनती प्रतीकं जी?"

"उदाहरणार्थ ढोलवाला. त्याच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. पाच नाही, सहा. तुमच्यात चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गट असतात. हा खांब सहा देवांच्या गटाचा, असं कलावंतानं त्या बोटांतून सांगितलं आहे. यावर माझा लेख आहे."

तेजरामनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण म्हातारा मनापासून बोलत होता.

"साहेब, आमी इनवाते सात देवाचे. ते बोट पटाशी घसरली म्हनून झालं. खाच मोठी पडली. बाबा मारन म्हनून मी तिकडून अजून एक बोट काढलो. अन् बोटाच्या बुडाशी लाख भरलो, भुसा कालवून. म्याडम, ब्याटरी घ्या अन् पाहा. ढोलवाल्याच्या मांग जे बाई हाय, तिची घागरही एका बाजूनं चपटी हाय. तितं गाठ आली होती."

तिघेही मधल्या खोलीत गेले. मेघानं मोजे घातले, बॅटरी लावली आणि भिंग घेऊन खांबाशी गुडघ्यावर बसली. तेजराम मुद्दाम दाराशी, खांबाकडे पाठ करून उभा राहिला. मान वर, हात मागे. भिंगाखाली काय निघणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"लाख आहे," मेघा हळूच म्हणाली. "सर, इथं लाख भरलेली आहे. आम्ही डिंक समजलो होतो. आणि घागर... हो. चपटी आहे."

"खांबाच्या डोक्यावर कोळशाच्या रेघा असतीन," तेजराम दाराकडे बघतच म्हणाला. "कोळसा उडाला असन. पन आकडे सुईनं टोचले होते, पोट्टेपनाचं काम. बारा आकडे. घड्याळ हाय ते."

मग मधुकरराव खांबाच्या डोक्याशी वाकले, त्यांनी भिंग मागून घेतलं, आणि बारा, एक, दोन, तीन असं ओठांत पुटपुटत सगळे आकडे मोजले.

"मी याला सूर्यचक्र म्हटलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा झाला होता. त्यांनी भिंग मेघाला परत दिलं. "चुकलो, इनवाते. लेखातही चुकलो. पण एक प्रश्न राहतो. मूळ नोंद काही वेगळंच सांगते. मेघा, जुनी नोंदवही आण."

नोंदवही कुठल्याशा कोठारातून खांबासोबतच आली होती, कडा कुरतडलेली. मेघानं पान काढलं आणि वाचू लागली. जीपवाल्या साहेबाच्या कारकुनाचं अक्षर होतं ते.

"'आंबागड. देणार दसरू इनवाते. वस्तू, लग्नाचा कोरीव खांब. मोबदला देऊ केला, घेतला नाही. गावातील मांडवांत उभे असलेले इतर खांब मागितले असता ठाम नकार. ते जमिनीचे आहेत म्हणाला. हा एकच स्वतः आढ्यावरून काढून दिला. सांभाळून ठेवा, लोकांना दाखवा, असा आग्रह. खांबाचे नाव विचारले. मर्री असे सांगितले. तीन वेळा सांगितले.'"

मेघानं मान वर केली. "काका, म्हणूनच आमच्या कागदांत याला 'मर्री प्रकारचा खांब' म्हणतात. सरांनी कुठं कुठं शोधलं, हा प्रकार दुसरीकडं सापडत नाही. मर्री म्हणजे काय?"

तेजरामनं हात पुढे केला. मेघानं नोंदवही त्याच्या हातात दिली. मोजे घाला असं ती या वेळी म्हणाली नाही. त्यानं ती ओळ बोटानं धरून वाचली, परत वाचली. त्याच्या घरात आता कुणी गोंडी बोलत नव्हतं. खुशबूला मोजून दहा शब्द येत असतील. पण बाप घरात गोंडीच बोलायचा, आणि हा शब्द त्यानं तेजरामला रोज हाक मारताना वापरला होता.

"प्रकार नोहे पोरी," तो म्हणाला. "मर्री म्हंजे पोरगा. साहेबानं विचारलं असन, कोनाचा हाय. कारकुनाले वाटलं नाव सांगते. बाबा सांगत होता, पोराचा हाय. माह्या पोराचा हाय."

आणि मग तेजराम इनवाते, ज्याला लाकूड कधी फसवत नाही, तो त्या नव्या रंगाच्या खोलीत उभ्या उभ्या रडला. लाजून, तोंड लपवून वगैरे नाही. चांगला खांदे हलवून रडला. पन्नास वर्षं तो समजत होता की बापानं त्याची चूक घराबाहेर टाकली. बापानं तर ती नीट काढून, हातानं जीपमध्ये ठेवून, सांभाळा म्हणून सांगितलं होतं. फसवणूक कुठंच नव्हती. जुना आहे असं दसरू कधी म्हणालाच नव्हता. त्यानं तीन वेळा खरं सांगितलं होतं आणि ते कुणाला समजलं नव्हतं, पोरालासुद्धा नाही.

मेघानं खुर्ची ओढली. मधुकररावांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला. घडी न मोडलेला, इस्त्रीचा. तेजरामनं तो घेतला, नाक शिंकरलं आणि परत द्यायला गेला.

"राहू द्या," मधुकरराव घाईनं म्हणाले, आणि तिघंही हसले.

मग पाटीची गोष्ट निघाली. पुस्तिका छापून झाली होती, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. समितीतले लोक काय म्हणतील, असा मेघाला घोर होता. पन्नास वर्षांचा, चुकलेला, शाळकरी पोरानं केलेला खांब दालनाचा राजा म्हणून कसा ठेवायचा? काढून टाकावा तर मधली खोली रिकामी.

"काढाचा कायले?" तेजरामचा आवाज आता जाग्यावर आला होता, नेहमीचा, जरा जास्तच मोठा. "बाबानं दाखवा म्हनलं, दाखवा. फक्त खरं लिवा. चूक हाय, असं लिवा. बरोबर कसं असते, ते लिवा."

"आणि बरोबर असलेला खांब?" मेघानं विचारलं. "जुना एखादा गावात असेलच ना, काका? तो शेजारी ठेवला असता तर..."

"एकही नाई. बरोबर खांब मांडवात रोवते. लगन झालं की तो तिथंच राहते. कोनी उपटत नाई. चार-पाच वर्षांत वाळवी खाते, पडते, मातीत जाते. तसंच पाह्यजे. तुह्या दालनात येनारा खांब लगन न झालेलाच असनार, पोरी. म्हंजे चुकलेलाच."

मेघा त्याच्याकडे बघत राहिली. तिनं इतकी वर्षं शिकलेलं सगळं वस्तू टिकवण्याबद्दल होतं. वाळवीच्या बाजूनं बोलणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. मधुकरराव मात्र कागद पुढे ओढून लिहायला बसले होते. "सांगा," ते म्हणाले. "तुम्ही सांगा, मी लिहितो. कलावंत या रकान्यात काय लिहू? पूर्ण नाव?"

"आधी बाबानं सांगतलं ते लिवा. मंग माहं नाव."

उद्घाटनाच्या दिवशी खांब बैठकीवर उभा होता आणि तसूभरही डुलत नव्हता. हे तेजरामनं आल्यागेल्याला सांगितलं. पाटी बदलली होती. 'लग्नखांब, आंबागड, १९७४. कलावंत: दसरूचा मर्री, म्हणजे पोरगा, तेजराम. इयत्ता सातवी. यावरची वरात चुकीच्या बाजूने चालली आहे. घड्याळ पाहून खोदल्याने असे झाले. खांबाभोवती घड्याळाच्या उलट फिरावे.' पुस्तिकेतल्या त्या पानावर मधुकररावांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या डकवल्या होत्या, चारशे प्रतींवर, आणि त्यांच्या बोटांना अजून खळ लागलेली होती.

खुशबूच्या पोरी नाचल्या, आजीच्या बाजूनं. रुखमा पुढच्या रांगेत बसून त्यांचे पाय बघत होती आणि तिनं एकदाही टोकलं नाही.

नाच संपल्यावर प्रमुख पाहुणे उठले, हात मागे बांधून खांबाकडे निघाले, आणि डावीकडून फिरू लागले. सोबतचे सगळे त्यांच्यामागे. मेघा चपापली. पाहुण्यांना अडवायचं कसं? तेजराम सरळ पुढे गेला आणि वाटेत उभा राहिला.

"साहेब, इकडून नाई. इकडून या."

पाहुणे थबकले, पाटीकडे पाहिलं, हसले आणि वळले. त्यांच्यासोबत अख्खी रांग वळली. मागचे पुढे झाले आणि थोडी धक्काबुक्कीही झाली. तेजराम पाहुण्यांना घेऊन वाट काढत सगळ्यात पुढे आला. तो खांबाभोवती बापाच्या रीतीनं चालू लागला आणि पाहुणे त्याच्या मागून.

"अहो, ही माणसं तर अंगावर येतात," अर्धा फेरा झाल्यावर पाहुणे म्हणाले.

"येनारच. चौदा वर्षांचा होतो जी." तेजरामनं ढोलवाल्याच्या सहाव्या बोटाकडे एकदा पाहिलं. "सोबत चालनारे पाहाचे असन तर वैशाखात आंबागडले या. माह्या पुतन्याच्या पोरीचं लगन हाय. परवाच झाड पाहून आलो. पटाशीले धार करून ठेवली."

"जरूर येऊ. आणि पुढं कधी वेळ मिळाला तर? तो खांब बघायला मिळेल ना?"

"नाई जी," तेजराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खेद नावालाही नव्हता. "तो सांभाळून ठेवाचा नसते. लगनालेच या."